शिधापत्रिकेचा हिशोब आणि सॉफ्टवेअरची परीक्षा
चाचण्यांची स्वतंत्रता व गती यांचा समतोल

मार्च २०१२ मध्ये छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील काही मोजक्या स्वस्त धान्य दुकानांत एका नव्या पद्धतीचा प्रारंभ झाला. तोपर्यंत प्रत्येक शिधापत्रिका एका ठरावीक दुकानाशी बांधलेली असे. दुकान बंद असले, धान्य संपले असे सांगण्यात आले किंवा माप कमी मिळाले, तरी कार्डधारकाला दुसरीकडे जाता येत नसे. नव्या व्यवस्थेत त्याला शहरातील सहभागी दुकानांपैकी कोणतेही दुकान निवडण्याची मुभा मिळाली. दुकानातील यंत्र मोबाइल जाळ्यामार्फत मध्यवर्ती संगणकाशी जोडलेले असे आणि कार्डावर किती धान्य शिल्लक आहे, हे त्या मध्यवर्ती नोंदीवरून तत्काळ ठरत असे. ‘कोअर पीडीएस’ या नावाने ही व्यवस्था ओळखली जाते.

कार्डधारकाच्या हाती आलेला हा निवडीचा अधिकार एका तांत्रिक अटीवर अवलंबून आहे. एकाच कार्डाची शिल्लक अनेक दुकानांतून एकाच वेळी विचारली गेली, तरी उत्तर बरोबरच आले पाहिजे. ते तसे येते की नाही, हे सॉफ्टवेअर दुकानात पोहोचण्यापूर्वी तपासण्याचे साधन म्हणजे स्वयंचलित चाचण्यांचा संच होय. डेटाबेसवर आधारलेल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या परस्परांपासून स्वतंत्रही असाव्यात आणि वेगवानही असाव्यात, या दोन अपेक्षांचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ई-प्रशासन व माहिती तंत्रज्ञान या विषयांच्या अभ्यासकांना हा प्रश्न तांत्रिक व प्रशासकीय अशा दोन्ही अंगांनी उपयुक्त ठरेल.

पार्श्वभूमी

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या सुधारणेचा पहिला महत्त्वाचा टप्पा २००४ च्या नियंत्रण आदेशाने गाठला गेला. या आदेशान्वये दुकाने खासगी व्यक्तींकडून काढून ग्रामपंचायती, महिला बचत गट, सहकारी संस्था व वन समित्या यांच्याकडे सोपविण्यात आली. २००७ पासून धान खरेदी व धान्य वितरण यांचे संगणकीकरण राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने हाती घेण्यात आले. शेतकऱ्याने सहकारी संस्थेच्या केंद्रावर धान आणल्यापासून दुकानात तांदूळ पोहोचेपर्यंतची साखळी त्यामुळे नोंदींच्या रूपाने जोडली गेली. गोदामातून मालमोटार निघाल्याची सूचना नोंदणी केलेल्या नागरिकांना लघुसंदेशाद्वारे देण्याची सोयही करण्यात आली. या पायावर २०१२ मध्ये कोअर पीडीएस उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य विधानसभेने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा संमत केला. केंद्राचा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा त्यानंतर २०१३ मध्ये आला.

दुकान निवडण्याची ही कल्पना पुढे राज्यांच्या सीमा ओलांडून गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश–तेलंगणा आणि महाराष्ट्र–गुजरात या दोन जोड्यांत आंतरराज्य सुविधा सुरू झाली. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत छत्तीसगड फेब्रुवारी २०२२ मध्ये सामील झाले व जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशाने योजनेची देशव्यापी व्याप्ती पूर्ण झाली. गोंदियाचा मजूर रायपूरला किंवा रायपूरचा मजूर पुण्याला गेला, तरी त्याचा हक्काचा कोटा त्याच्यासोबत जावा, हा या योजनेचा आशय आहे.

या लेखात पुढे येणारी दुकानांची व चाचण्यांची उदाहरणे विषय समजावा म्हणून रचलेली आहेत. ती प्रत्यक्षातील कोणत्याही प्रणालीच्या अंतर्गत रचनेचे वर्णन नव्हेत.

डेटाबेस आणि ‘व्यवहार’

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक डेटाबेसची संकल्पना मांडली. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि तक्त्यांमधील संबंध समान मूल्यांच्या आधारे जोडावेत, हे तिचे सार होय. एका तक्त्यात शिधापत्रिका, दुसऱ्यात दुकाने, तिसऱ्यात दुकानातील साठा आणि चौथ्यात प्रत्येक वाटपाची नोंद, अशी रचना धान्य वितरणासाठी कल्पिता येईल.

एका कुटुंबाला ३५ किलो तांदूळ देताना संगणकाला किमान तीन बदल करावे लागतात. कार्डावरील शिल्लक कमी करणे, दुकानाचा साठा कमी करणे आणि वाटपाची नोंद घालणे, हे ते तीन बदल. यांपैकी दोनच झाले आणि वीज गेली, तर हिशोब बिघडतो. म्हणून डेटाबेसमध्ये अशा बदलांचा एक अविभाज्य गट करतात. त्यास ट्रॅन्झॅक्शन अर्थात व्यवहार म्हणतात. व्यवहार कायम करण्यास ‘कमिट’ आणि पूर्णपणे मागे घेण्यास ‘रोलबॅक’ असे म्हणतात.

विश्वासार्ह व्यवहाराचे चार गुणधर्म सांगितले जातात. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘अॅसिड’ हे संक्षिप्त नाव थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये रूढ केले. ते गुणधर्म पुढीलप्रमाणे :

(१) अविभाज्यता : सर्व बदल होतील किंवा एकही होणार नाही.
(२) सुसंगतता : घालून दिलेले नियम व्यवहारानंतरही अबाधित राहतील.
(३) विलगता : एकाच वेळी चाललेले व्यवहार परस्परांच्या अपुऱ्या कामात ढवळाढवळ करणार नाहीत.
(४) टिकाऊपणा : कमिट झालेला बदल वीज गेली तरी नष्ट होणार नाही.

परीक्षार्थींनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. वरील ‘विलगता’ हा डेटाबेसमधील दोन व्यवहारांच्या दरम्यानचा गुण आहे. चाचण्यांच्या संदर्भात येणारी ‘स्वतंत्रता’ ही वेगळी गोष्ट असून, एका चाचणीचा परिणाम दुसरीवर होऊ नये, असा तिचा अर्थ आहे. दोन्ही कल्पनांना इंग्रजीत एकच शब्द वापरला जात असल्याने गोंधळ होण्याचा संभव असतो. या दोन कल्पना एकमेकींच्या आड कशा येतात, हे पुढे स्पष्ट होईल.

चाचणीची स्वतंत्रता

स्वयंचलित चाचणी म्हणजे सॉफ्टवेअरला विचारलेला एक छोटा प्रश्न. प्रथम परिस्थिती उभी करावयाची, मग कृती घडवावयाची आणि शेवटी निष्पत्ती अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहावयाचे. उदाहरणार्थ, ‘३५ किलो शिल्लक असलेल्या कार्डावर २० किलो दिल्यास १५ किलो शिल्लक राहते का?’ केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये तयार केलेल्या ‘जेयुनिट’ या साधनानंतर अशा चाचण्या लिहिण्याची पद्धत जगभर रुळली. मोठ्या प्रणालीत त्यांची संख्या शेकड्यांत किंवा हजारांत जाते.

ज्या कृतीत डेटाबेस नाही, ती तपासणे सोपे असते, कारण चाचणी संपताच तिच्या खुणा स्मृतीतून पुसल्या जातात. डेटाबेसचा मात्र मूळ धर्मच लक्षात ठेवण्याचा आहे. पहिल्या चाचणीने निर्माण केलेले कार्ड दुसऱ्या चाचणीच्या वेळीही तेथेच असते. ‘जिल्ह्यात एकूण किती कार्डे आहेत?’ असे विचारणाऱ्या तिसऱ्या चाचणीचे उत्तर त्यामुळे चुकते. सॉफ्टवेअर निर्दोष असूनही चाचणी नापास होते.

याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो. आधीच्या चाचणीने मागे ठेवलेल्या नोंदीच्या आधाराने पुढची चाचणी उत्तीर्ण होते आणि सॉफ्टवेअरमधील खरा दोष झाकला जातो. अशा चाचण्यांचा क्रम बदलला की निकालही बदलतो. केवळ १० चाचण्या ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात. हे सर्व क्रम तपासणे व्यवहार्य नसल्यामुळे निकाल क्रमावर अवलंबून नसणे, हाच एक मार्ग उरतो. यासाठी अनेक संघ आपला चाचणीसंच प्रत्येक वेळी यादृच्छिक क्रमाने चालवितात आणि तो क्रम पुन्हा निर्माण करता यावा म्हणून त्याचा बीजांक नोंदवून ठेवतात.

डेटाबेसखेरीज घड्याळ हीसुद्धा चाचण्यांमध्ये वाटून घेतलेली वस्तू आहे. धान्याचा कोटा महिन्याचा असतो. ‘एक महिन्यानंतर नवा कोटा मिळतो का?’ ही चाचणी संगणकाच्या चालू तारखेवर विसंबली, तर ती ३० तारखेपर्यंत उत्तीर्ण होऊन ३१ तारखेला नापास होऊ शकते. म्हणून तारीखही बाहेरून दिली जावी आणि चाचणीत ती निश्चित असावी, असा संकेत आहे.

गतीचे महत्त्व

स्वतंत्रतेचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक चाचणीसाठी डेटाबेस नव्याने उभारणे. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. समजा, एका संचात १,२०० चाचण्या आहेत आणि प्रत्येकीसाठी तक्ते नव्याने बांधून प्राथमिक माहिती भरण्यास २ सेकंद लागतात. एकूण २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटे झाली. कार्यक्रमकाराने दिवसातून दहा बदल केले व प्रत्येक बदलानंतर संच चालविला, तर ६ तास ४० मिनिटे प्रतीक्षेतच जातील.

प्रत्यक्षात कोणी इतकी प्रतीक्षा करीत नाही. संच प्रथम दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा आणि अखेरीस केवळ प्रकाशनाच्या आदल्या रात्री चालविला जातो. तोपर्यंत शेकडो बदल साचलेले असतात आणि दोष कोणत्या बदलातून आला हे शोधणे दुरापास्त होते. मंद संच हळूहळू न चालविला जाणारा संच बनतो. दुसरीकडे, वेगासाठी स्वतंत्रता सोडली तर संच चटकन संपतो, परंतु त्याच्या निकालावर विश्वास उरत नाही. ‘पुन्हा चालवून पाहा, पास होईल’ ही सवय संघाला लागली की खऱ्या दोषाचा इशाराही दुर्लक्षिला जातो. अतिमंद व अविश्वसनीय या दोन्ही संचांचा शेवट एकच असतो. त्यांचे कोणी ऐकत नाही.

प्रचलित पद्धती

तक्ते रिकामे करणे. डेटाबेसची रचना एकदाच उभारून प्रत्येक चाचणीनंतर तक्त्यांतील नोंदी पुसावयाच्या, ही मधली पद्धत आहे. पुनर्बांधणीपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. तथापि तक्त्यांची संख्या वाढली की पुसण्याचा वेळही वाढतो आणि परस्परसंबंधांमुळे पुसण्याचा क्रम सांभाळावा लागतो. राज्ये, जिल्हे, धान्याचे दर असे न बदलणारे संदर्भतक्ते चुकून पुसले जाणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावी लागते.

रोलबॅक. चाचणी सुरू होताच एक व्यवहार उघडावयाचा, सर्व नोंदी त्याच्या आत करावयाच्या आणि शेवटी कमिट न करता सर्व काही मागे घ्यावयाचे. पाटीवर गणित सोडवून लगेच पुसून टाकण्यासारखाच हा प्रकार आहे. वहीत काहीच उतरत नसल्याने पुढच्या विद्यार्थ्याला पाटी कोरी मिळते. जँगो, रेल्स यांसारख्या लोकप्रिय चौकटींनी ही सोय मुळातच अंतर्भूत केली आहे. वरील गणितात प्रत्येक चाचणीला २ सेकंदांऐवजी ०.०५ सेकंद लागतील असे धरले, तर १,२०० चाचण्या एका मिनिटात आटोपतात. तपासल्या जाणाऱ्या कार्यक्रमाने स्वतःचा व्यवहार उघडला, तर ‘सेव्हपॉइंट’ या सुविधेने बाह्य व्यवहाराच्या पोटात आतील टप्पा निर्माण करता येतो.

स्वतंत्रता व गती दोन्ही एकाच उपायाने साध्य होत असल्याने रोलबॅक हाच अंतिम तोडगा आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. रायपूरच्या दुकानांचे उदाहरण येथेच उद्‍बोधक ठरते.

रोलबॅकच्या मर्यादा

समजा, एका कार्डावर ३५ किलो तांदूळ शिल्लक आहे. त्या कार्डाच्या आधारे तेलीबांधा व टाटीबंध येथील दोन दुकानांतून एकाच क्षणी मागणी नोंदली गेली. दोन्ही यंत्रांनी मध्यवर्ती संगणकाला शिल्लक विचारली व दोघांनाही ‘३५’ हे उत्तर मिळाले. दोघांनी ३५ वजा करून शून्य लिहिले. नोंदीत शिल्लक शून्य दिसते आणि वरवर सर्व काही ठीक भासते, परंतु वाटप ७० किलोंचे झाले आहे. या दोषास ‘हरवलेला बदल’ म्हणतात. जादा गेलेल्या ३५ किलोंचा भार कोठेतरी पडतोच. एखाद्या दुकानाचा साठा कमी भरतो आणि महिन्याच्या अखेरीस आलेले कुटुंब रिकामी पिशवी घेऊन परतते.

यावर दोन सर्वमान्य उपाय आहेत. शिल्लक वाचतानाच ती ओळ कुलूपबंद करावी, म्हणजे दुसऱ्या दुकानाची मागणी पहिलीचे काम संपेपर्यंत थांबेल. अथवा ‘शिल्लक ३५ किंवा अधिक असेल तरच ३५ वजा करा’ असा एकच सशर्त आदेश द्यावा आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. शून्य ओळी बदलल्या असतील, तर मागणी नाकारावी.

हा उपाय सॉफ्टवेअरमध्ये योग्य रीतीने बसविला आहे का, हे रोलबॅकच्या चौकटीत तपासता येत नाही. चाचणीने निर्माण केलेले कार्ड अजून कमिट झालेले नसते. दुसऱ्या दुकानाचे सोंग घेणारी दुसरी जोडणी डेटाबेसला विचारते, तेव्हा विलगतेच्या नियमानुसार तिला ते कार्ड दिसतच नाही आणि ‘कार्ड सापडले नाही’ असे उत्तर येते. दोन्ही दुकानांना एकच जोडणी दिली, तर त्यांच्या मागण्या एकापाठोपाठ एक पार पडतात, शर्यत घडतच नाही आणि चाचणी निर्धास्तपणे उत्तीर्ण होते. डेटाबेसची विलगता चाचणीच्या स्वतंत्रतेसाठी वापरली, म्हणून त्याच विलगतेची परीक्षा घेता येत नाही. कोणत्याही दुकानात जाण्याची मुभा हे ज्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य, तिचा कणाच अशा प्रकारे वेगवान चाचणीच्या नजरेतून सुटतो.

याखेरीज पुढील बाबीही रोलबॅकच्या आवाक्याबाहेर राहतात :

(१) काही नियम कमिटच्या क्षणी तपासले जावेत असे लांबणीवर टाकलेले असतात. कमिट न झाल्याने त्यांची तपासणी आपोआप होत नाही.
(२) कमिटनंतर करावयाची कामे, उदाहरणार्थ मालमोटार निघाल्याचा लघुसंदेश पाठविणे, घडून येत नाहीत.
(३) आपोआप वाढणारे अनुक्रमांक रोलबॅकने मागे येत नाहीत. पहिल्या पावतीचा क्रमांक १ च असेल, असे गृहीत धरणारी चाचणी म्हणूनच क्रमावर अवलंबून राहते.
(४) मायएसक्यूएलमध्ये तक्त्याची रचना बदलणारा आदेश चालू व्यवहार आपोआप कमिट करतो. त्यानंतरचा रोलबॅक निष्फळ ठरतो. पोस्टग्रेसमध्ये असे बहुतेक बदलही मागे घेता येतात.

आणखी एक प्रसंग विचारात घेण्याजोगा आहे. मध्यवर्ती संगणकावर कमिट झाले, परंतु त्याच क्षणी मोबाइल जाळे खंडित झाल्याने दुकानातील यंत्राला उत्तर मिळाले नाही. दुकानदाराने बटण पुन्हा दाबले. प्रणालीने ही दुसरी मागणी नवी समजली, तर घरातील महिलेला ‘तुमचा कोटा संपला’ असे ऐकावे लागेल. यासाठी यंत्राने प्रत्येक मागणीला एक अनन्य क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास मध्यवर्ती संगणकाने नवी वजावट न करता आधीचेच उत्तर परत पाठवावे. पहिले कमिट खरोखरच झाले होते, हा या चाचणीचा गाभा असल्याने तीही प्रत्यक्ष कमिट होऊ देऊनच घेतलेली बरी.

अन्य पर्याय

डेटाबेसविना चाचणी. पात्रतेचे निकष, कुटुंबातील व्यक्तिसंख्येनुसार कोटा, दराची आकारणी ही निव्वळ गणिते आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटाला दरडोई दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते, हा नियम तपासण्यास तक्त्यांची आवश्यकता नाही. असे नियम साठवणुकीच्या कामापासून वेगळे लिहिले, तर त्यांच्या चाचण्या हजारांश सेकंदांत होतात आणि त्यांच्या स्वतंत्रतेसाठी वेगळे काही करावेही लागत नाही. समतोल साधण्याच्या कामी सॉफ्टवेअरच्या रचनेचा वाटा असा मोठा आहे.

बदली डेटाबेस. मूळ प्रणाली पोस्टग्रेसवर असताना चाचण्या स्मृतीत चालणाऱ्या एसक्यूलाइटवर घेण्याचा मोह होतो. वेग वाढतो, पण परीक्षा दुसऱ्याचीच होते. एसक्यूलाइट सामान्यतः स्तंभाच्या ठरविलेल्या लांबीचा आग्रह धरीत नाही, तक्त्यांमधील परस्परसंबंधांचे नियम सहसा मुद्दाम चालू करावे लागतात आणि एका वेळी एकच लेखन करू देते. दोन दुकानांची शर्यत येथे मूळ प्रणालीप्रमाणे घडत नाही. त्यापेक्षा मूळ डेटाबेसच चाचणीपुरता स्मृतीत ठेवणे अथवा चकतीवर तत्काळ लिहिण्याची सक्ती शिथिल करणे अधिक सयुक्तिक होय. प्रत्यक्ष वापरातील यंत्रणेवर ही शिथिलता सर्वस्वी वर्ज्य समजावी.

साचा व समांतर चालना. पोस्टग्रेसमध्ये तयार डेटाबेसचा साचा करून त्याची प्रत काढता येते. तक्ते एकेक करून बांधण्यापेक्षा हे सहसा लवकर होते. तसेच चार प्रक्रियांना चार स्वतंत्र डेटाबेस देऊन संच चार वाटांनी चालविता येतो. सर्व प्रक्रियांना एकच डेटाबेस दिला, तर मात्र गळतीचा जुना रोग अधिक तीव्र स्वरूपात परततो.

समतोलाचे गणित

वरील विवेचनावरून एक साधे सूत्र हाती येते. प्रत्येक चाचणीला तिच्या प्रश्नापुरतीच स्वतंत्रता पुरवावी. त्याच १,२०० चाचण्यांची विभागणी पुढीलप्रमाणे करून पाहू :

(अ) निव्वळ नियमांच्या ७०० चाचण्या, डेटाबेसविना, प्रत्येकी ०.००२ सेकंद : १.४ सेकंद
(आ) नोंदी लिहिणे-वाचणे तपासणाऱ्या ४६० चाचण्या, रोलबॅक पद्धतीने, प्रत्येकी ०.०५ सेकंद : २३ सेकंद
(इ) शर्यत, पुनर्मागणी व कमिटनंतरची कामे तपासणाऱ्या ४० चाचण्या, स्वच्छ डेटाबेसवर खऱ्या कमिटसह, प्रत्येकी २ सेकंद : ८० सेकंद

एकूण १०४.४ सेकंद, म्हणजे पावणेदोन मिनिटांहूनही किंचित कमी. चार वाटांनी चालविल्यास हा वेळ सुमारे अर्ध्या मिनिटावर येईल. सर्व चाचण्या रोलबॅकनेच घेतल्या असत्या, तर एका मिनिटात काम झाले असते, पण शेवटच्या ४० चाचण्या निरर्थक ठरल्या असत्या. ४० मिनिटांचा मार्ग सुरक्षित खरा, परंतु तो कोणी चालला नसता. संख्येने सर्वांत लहान असलेल्या ‘इ’ गटालाच सर्वाधिक वेळ लागतो, हेही येथे लक्षात घ्यावे. महागड्या चाचण्या जेथे नागरिकाचा हक्क पणाला लागतो तेथेच खर्चाव्यात, एवढाच याचा अर्थ. त्या काढून टाकून वेळ वाचविणे ही काटकसर म्हणता येणार नाही.

‘अ’ व ‘आ’ गट प्रत्येक बदलानंतर आणि ‘इ’ गट बदल मुख्य शाखेत समाविष्ट करण्यापूर्वी चालवावा, अशी शिस्त घालून देता येते. संपूर्ण संच यादृच्छिक क्रमाने रात्री एकदा चालविल्यास सुप्त गळती उघडकीस येते.

प्रशासकीय अंग

राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेस मे २००६ मध्ये मंजुरी मिळाली. त्यानंतर शासकीय सेवांचा मोठा भाग डेटाबेसवर आला. शासकीय सॉफ्टवेअरच्या गुणवत्ता तपासणीसाठी केंद्र शासनाचे मानकीकरण, चाचणी व गुणवत्ता प्रमाणन संचालनालय कार्यरत आहे. प्रमाणन हे ठरावीक टप्प्यावर होते, परंतु नियम वर्षभर बदलत राहतात. जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य मोफत देण्याचा निर्णय झाला, तेव्हा देशभरातील यंत्रणांना दराची आकारणी बदलावी लागली. अशा वेळी रोजच्या रोज चालणारा चाचणीसंचच पहिला पहारेकरी ठरतो. म्हणून सॉफ्टवेअर खरेदीच्या करारात केवळ चाचण्यांची संख्या न विचारता, त्या कोणत्याही क्रमाने उत्तीर्ण होतात का, किती वेळात संपतात आणि एकाच वेळी होणाऱ्या मागण्यांची परीक्षा त्यांत आहे का, हे विचारले जाणे हितावह आहे.

दुसरा मुद्दा माहितीच्या गोपनीयतेचा. चाचणीसाठी प्रत्यक्ष नागरिकांच्या नोंदींची प्रत वापरणे सोयीचे वाटते. पण त्यामुळे नाव, पत्ता, कुटुंबाचा तपशील अशी माहिती कमी संरक्षित यंत्रांवर पसरते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ संमत झाल्यानंतर हा प्रश्न कायदेशीर जबाबदारीचाही बनला आहे. शिवाय खऱ्या नोंदींची प्रत सतत बदलत असल्याने चाचणीचा निकालही अस्थिर होतो. प्रत्येक चाचणीने स्वतःला लागणारी दोन-चार काल्पनिक कार्डे स्वतःच निर्माण करावीत, ही पद्धत गोपनीयता, स्वतंत्रता व गती या तिन्ही दृष्टींनी श्रेयस्कर आहे.

समारोप

चाचणीने दोष असल्याचे दाखविता येते, दोष नसल्याची हमी देता येत नाही, हा विचार एड्‌सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच मांडला होता. या मर्यादेतही चांगल्या व सुमार चाचणीसंचांत मोठे अंतर असते. रोलबॅकसारखी स्वस्त स्वतंत्रता बहुसंख्य चाचण्यांना पुरेशी आहे. तथापि, जेथे दोन व्यक्तींच्या कृती एकाच नोंदीवर एकत्र येतात, तेथे खरी कमिट, खऱ्या दोन जोडण्या व स्वच्छ डेटाबेस यांना पर्याय नाही. रायपूरमधील कार्डधारकाला दुकान निवडता आले, कारण त्याचा हिशोब एका जागी आणि अचूक ठेवता येईल असा भरवसा व्यवस्थेला होता. अशा भरवशाची परीक्षा दररोज घेता येईल इतकी जलद आणि तिचा निकाल मानता येईल इतकी स्वतंत्र असावी, हेच या समतोलाचे उद्दिष्ट होय.

सरावासाठी प्रश्न

१. व्यवहाराची विलगता व चाचणीची स्वतंत्रता यांतील भेद उदाहरणासह स्पष्ट करा.
२. रोलबॅक पद्धतीचे लाभ सांगून तिच्या कोणत्याही तीन मर्यादांची चर्चा करा.
३. ‘हरवलेला बदल’ म्हणजे काय? शिधापत्रिकेच्या सुवाह्यतेच्या संदर्भात त्याचे परिणाम व उपाय लिहा.
४. सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या सुधारणेत छत्तीसगडने २००४ ते २०१२ या काळात उचललेल्या पावलांचा आढावा घ्या.
५. शासकीय सॉफ्टवेअरच्या चाचण्यांसाठी नागरिकांची प्रत्यक्ष माहिती वापरणे योग्य आहे काय? सकारण मत मांडा.